मंजूर उतार

“सीताराम ओव्हाळाला पाय न्हाईत, पर त्याच्या अर्जाला हैत,” असे कान्ह्याच्या वस्तीत म्हणत. दुसऱ्या कोणी लिहिलेला अर्ज कचेरीतल्या टेबलावर पडून राही आणि सीतारामांचा अर्ज उठून आपल्या पायांनी साहेबांपुढे जाई, असा त्याचा अर्थ. शेजारच्या भागूबाईचे एवढ्यावर भागत नसे. ती म्हणे, “कमरंखालचं समदं बळ बोटात चढलंय मेल्याच्या. म्या एक अंगठा घेऊन गेलते, त्यानं माझ्याकडनं सही काढून घेतली.” हे खरे होते. वयाच्या पन्नाशीत भागूबाई स्वतःचे नाव लिहायला शिकली, ती त्यांच्या खुर्चीशेजारी बसून.

सीतारामभाऊ मूळचे आमच्या गावचे. गाव आंदर मावळात, कान्हे स्टेशनापासून पायी तीन तासांवर. सत्तावन्न सालच्या मे महिन्यात घर शाकारताना ते आढ्यावरून खाली पडले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. पुण्याच्या इस्पितळात चार महिने काढल्यावर डॉक्टरांनी सांगितले की कंबरेखाली आता जाणीव येणार नाही. डोंगरातल्या गावी परत जायचे तर डोलीशिवाय रस्ता नव्हता, म्हणून शकुबाईंनी नवऱ्याला घेऊन कान्ह्यात बिऱ्हाड केले. त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सीतारामभाऊ दाराशी पोत्यावर बसून राहत.

त्यांची खुर्ची आली ती लोणावळ्याहून. तिथल्या एका बंगल्यात आमच्याकडचा कोंडू माळीकाम करी. बंगल्यातल्या वृद्ध पारशी बाई वारल्या आणि त्यांची चाकांची खुर्ची मोटारखान्यात धूळ खात पडली. वेताची पाठ, कमरेइतकी उंच दोन चाके, त्यांना भरीव रबर. बाईंच्या मुलाने ती कोंडूला दिली आणि कोंडूने रिकाम्या परतणाऱ्या मालट्रकमध्ये घालून कान्ह्याला पोचवली. वस्तीने तिला ‘मडमेची गाडी’ असे नाव ठेवले. वेत तुटला तेव्हा शकुबाईंनी सुतळीने पाठ विणून काढली, पण चाकांना शेवटपर्यंत काही झाले नाही.

सीतारामभाऊ सातवी पास होते आणि त्यांचे अक्षर सुंदर होते. कान्ह्यापासून दीड मैलावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एक सरकारी कचेरी होती. गावाचे आणि खात्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे आज बसणाऱ्या माणसांचा या हकिकतीशी काही संबंध नाही. त्या कचेरीबाहेर महिपती आप्पा नावाचे म्हातारे अर्जनवीस होते. त्यांच्या हाताखाली सीतारामभाऊंनी दोन वर्षे काढली आणि साठ साली अर्जनविसाचा परवाना मिळवला.

आप्पांनी त्यांना एक सवय लावली होती, ती पुढे सांगायच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावी लागेल. अर्जातली प्रत्येक ओळ संपली की आप्पा शेवटी एक उभी रेघ ओढीत. “ही कुंपण हाय,” ते सांगत. “वळ उघडी ठिवली की कोन बी मागनं येऊन दोन शबूद घुसवतंय. आन् मंग गरिबाची जिमीन जाती.” मोडीच्या जमान्यातली ही रीत बाकीच्या अर्जनविसांनी कधीच सोडून दिली होती. सीतारामभाऊंनी सोडली नाही. त्यांच्या अर्जाच्या उजव्या कडेला उभ्या रेघांची रांग दिसे आणि नाव न वाचताही कारकून ओळखत की अर्ज कुणाच्या हातचा आहे.

कचेरी तेव्हा एका जुन्या धान्याच्या गुदामात होती. बैलगाडी सरळ आत जावी म्हणून गुदामाला उंबरा ठेवलेला नव्हता. शकुबाई सकाळी नवऱ्याला आणून सोडत आणि खडीवर जात. त्यानंतर दिवसभर सीतारामभाऊ आपल्या हातांनी चाके फिरवीत त्या इमारतीत कुठेही जात. या टेबलावर तारीख विचार, त्या टेबलावर राहिलेला शिक्का मारून घे, पलीकडे एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोल. अर्जाला पाय असतात म्हणत ते हे. पाय त्या चाकांचे होते.

त्याच कचेरीत गोरख होता.

गोरख आणि सीताराम एकाच आळीतले, एकाच इयत्तेतले. दोघांचे बाप चावडीच्या पायरीखाली उभे राहून पाटलाचा निरोप घेत आणि पायरीखालूनच उत्तर देत. पायरीवर पाय ठेवायची त्यांना मुभा नव्हती. छप्पन सालानंतर दोन्ही घरांनी ते काम टाकले आणि त्यापूर्वीच दोन्ही मुलांनी शाळा धरली होती. गोरख हिशेबात हुशार, पण मराठीत नापास. काना आणि मात्रा त्याच्या हातात टिकत नसत. एक पावसाळाभर सीतारामांनी त्याला गोठ्यात बसवून शुद्धलेखन घोटून घेतले. ‘गैरहजर’ हा शब्द गोरख नेमाने ‘गेरहजर’ असा लिही आणि सीताराम नेमाने त्याचा कान उपटीत. “दोन मात्रा, गोरख! एकीनं भागत न्हाई.” पुढच्या खेपेला गोरख पास झाला. त्याचा नोकरीचा अर्जही सीतारामांनीच लिहिला. गोरख कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि सहासष्ट सालापर्यंत अव्वल कारकून झाला. आपल्या मित्राला लोकांसमोर तो ‘आमचे गुरुजी’ म्हणे. ते ऐकून सीतारामभाऊ संकोचत आणि सुखावत.

सहासष्ट सालीच कचेरीला नवी इमारत मंजूर झाली. जागा दोन सुचवल्या होत्या. एक गावामागच्या टेकाडावर, मोफत मिळणारी. दुसरी रस्त्यालगत. टेकाडावर कचेरी गेली असती तर सीतारामभाऊंचे काम त्या दिवशीच संपले असते. गोरख म्हणाला, “लोकांची मागणी रस्त्याची आहे असं कागदावर दिसलं पाहिजे. तेवढं तू कर, पुढचं मी बघतो.” सीतारामभाऊंनी चार महिन्यांत तीनशे अंगठे आणि सह्या गोळा केल्या. आंदर मावळातून बाजाराला उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला कान्ह्याला थांबवून ते अर्ज वाचून दाखवीत, मगच अंगठा घेत. न वाचता अंगठा घेणे त्यांना ठाऊक नव्हते.

रस्त्यालगतची जागा मंजूर झाली. नकाशा तयार झाला त्या दिवशी गोरख तो गुंडाळून कान्ह्याला घेऊन आला आणि शकुबाईंनी सारवलेल्या अंगणात पसरून बसला.

“हे बघ. ह्या नऊ पायऱ्या. आणि ही डाव्या अंगाला तिरपी रेघ दिसतेय? काय लिहिलंय वाच.”

सीतारामभाऊंनी वाचले. ‘उतार.’

“फूटभर चढाला बारा फूट लांबी. ओव्हरसियरकडून मापासकट घालून घेतलाय. कुणी ढकलायची गरज नाही, तू एकटा चढशील.”

“मंजूर झालाय?”

“मंजूर नकाशा आहे हा. शिक्का बघ की.”

शकुबाईंनी त्या दिवशी गोरखला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. त्या मला पुढे म्हणाल्या, “भावजींच्या ताटात म्या दोनदा तूप वाढलं. आमच्यात ते सणालाबी दोनदा वाढत न्हाईत.”

इमारतीचे काम दोन वर्षे चालले. जोते छातीभर उंच होते. मजूर बायांना घमेली घेऊन वर जाता यावे म्हणून गवंड्यांनी डाव्या अंगाला मुरूम भरून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. एका दुपारी सुट्टी होऊन सगळे जेवायला बसले असताना सीतारामभाऊंनी खुर्ची त्या फळ्यांवर घातली. चाके फिरवीत, मध्येच दम खात, ते एकटे वर गेले. ओल्या सिमेंटच्या वासाच्या त्या रिकाम्या व्हरांड्यात त्यांनी एक चक्कर मारली आणि तिसऱ्या खांबाशेजारची जागा पसंत केली. तिथे सकाळी ऊन येई आणि दुपारी येत नसे. खिशातल्या खडूने त्यांनी खांबावर एक उभी रेघ ओढली.

बायांमधली गंगी खालून ओरडली, “आबा, नव्या घरात आमच्या आदी तुमचाच गृहपरवेश झाला की!”

“व्हय,” ते म्हणाले, “आन् न बोलावता.”

उद्घाटन एकोणसत्तर सालच्या जानेवारीत झाले. सकाळी शकुबाईंनी त्यांना धुतलेला सदरा घालून आणले तेव्हा फळ्या आणि मुरूम दोन्ही काढलेले होते. डाव्या अंगाला नुसती चोपलेली जमीन होती. समोर घडीव दगडाच्या नऊ पायऱ्या.

गोरख घाईत होता, तरी खाली आला. “अरे, पाहुण्यांच्या पुढं मुरमाचा ढीग कसा ठेवायचा? पक्का दगडी व्हायचाय तो, उद्घाटन झालं की काम सुरू. आज पोरं तुला उचलून वर नेतील. साहेबांना मी सांगितलंय, तीनशे सह्या यांनी आणल्या. तुझा सत्कार ठेवलाय.”

सीतारामभाऊंना उचलून घेणे आवडत नसे. घरात शकुबाई उचलत, ते वेगळे. बाहेर मात्र ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी गोरखला बाजूला बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तुजा बाप आन् माजा बाप पायरीखाली हुबं ऱ्हायचं. मला पायरीवर माझ्या वाटंनं जायाचंय. वझ्यावानी न्हाई.”

“मला हे तू सांगायचं का सीताराम?” गोरख म्हणाला. “एक दिवस. माझ्यासाठी.”

त्याच्यासाठी ते तयार झाले. चार जणांनी खुर्ची उचलली, वर ठेवली. हार घातला. टाळ्या झाल्या. छायाचित्रकाराने पायऱ्यांच्या वर, दारात, हार घातलेल्या सीतारामभाऊंचा गोरखसह फोटो काढला. समारंभ झाल्यावर त्याच चार जणांनी त्यांना खाली आणले, आणि मंडळी चहाला गेली.

त्यानंतर उताराचे काम सुरू झाले नाही. सीतारामभाऊ पायऱ्यांच्या खाली, छत्री लावून बसू लागले. अर्ज लिहून होई, तो घेऊन म्हातारी माणसे एकटी वर जात आणि बऱ्याचदा तसाच घेऊन परत येत. “त्यो म्हनतो शिक्का न्हाई.” “कोन म्हनतो?” “त्यो, चष्म्याचा.” वर जाऊन चष्म्याच्या माणसाशी बोलणे आता सीतारामभाऊंच्या हाती नव्हते. अर्जांचे पाय गेले ते तेव्हा.

गोरखला विचारले की तो म्हणे, “वरून मंजुरी यायचीय. तू एक स्मरणपत्र दे, मी जोर लावतो.” सीतारामभाऊ स्मरणपत्र लिहीत. तीन वर्षांत अकरा लिहिली. सत्तर साली उताराच्या जागेवर साहेबांच्या जीपसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. “तात्पुरती आहे,” गोरख म्हणाला. “उतार आला की ही हलवायची.” पावसाळ्यात जीप फिरतीवर गेली की सीतारामभाऊ त्या शेडमध्ये बसून लिहीत. जीप परत आली की ड्रायव्हर भोंगा वाजवी आणि ते कागद आवरून खुर्ची पावसात काढीत.

परवान्याचे मात्र गोरखने सांभाळले होते. दर मार्च महिन्यात अर्जनविसांना साहेबांसमोर समक्ष हजर राहून बुकात सही करावी लागे. जो येणार नाही त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडे आणि परवाना जाई. गोरख ते बूक गुपचूप खाली आणून त्यांची सही घेई. बहात्तर साली नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले की हजेरी म्हणजे टेबलापाशी हजेरी, बूक कचेरीबाहेर जाणार नाही.

म्हणजे आता उतार झाला नाही तर परवाना जाणार होता. सीतारामभाऊंनी फेब्रुवारीत नव्या साहेबांच्या नावे एक नवा अर्ज केला. गोरखला मुद्दाम टाळून केला असे नाही. गोरख त्या दिवशी रजेवर होता, म्हणून अर्ज रीतीप्रमाणे आवक टेबलावर गेला. मजकूर दीड पानांचा होता. विषयाची ओळ अशी होती : ‘कचेरीच्या नव्या इमारतीच्या नकाशातील मंजूर उतार’. आणि तिच्यापुढे नेहमीप्रमाणे एक उभी रेघ.

आठ दिवसांनी सोपान नावाचा अभिलेख कारकून स्वतः पायऱ्या उतरून आला. तो नोकरीत नवा होता, आणि नव्या माणसाचा उत्साह त्याच्यात होता.

“आबा, घ्या तुमचा उतारा. लोक सहा-सहा महिने थांबतात, तुमचा आठ दिवसांत काढला.”

“कसला उतारा?”

“तुम्हीच मागितला की. इमारतीच्या फाइलीतला. सगळी पानं उतरवलीत, खरी नक्कल म्हणून शिक्काही मारलाय.”

“आरं, म्या उतार मागितलाय. उतार! वर चढायचा.”

सोपान गोंधळला. त्याने अर्ज काढून दाखवला. “हे बघा. ‘मंजूर उतारा’. काना दिलाय तुम्ही.”

सीतारामभाऊंनी पाहिले. उतार या शब्दापुढची त्यांची उभी रेघ ‘र’ला इतकी चिकटली होती की तो काना झाला होता. कचेरीत अर्जाचा विषय वाचून टेबल ठरे. मजकूर वाचायला कोणाला वेळ नसे. आप्पांच्या कुंपणाने त्यांच्याच शब्दात एक अक्षराचा भाग घुसवला होता. ते इतके हसले की पायरीवर बसलेली माणसे वळून पाहू लागली. “जन्मभर दुसऱ्याचं कानं मोजलं,” ते म्हणाले, “आन् माझा मला दिसला न्हाई. राहू दे सोपान, तुजा दोष न्हाई. ठिवून जा.”

सोपान गेल्यावर त्यांनी ती नक्कल चाळायला घेतली. सुंदर अक्षर होते मुलाचे. जागेची निवड, तीनशे सह्यांचा अर्ज, नकाशा, खर्चाचा तक्ता. मग एक टिपण. सोपानने ते शब्दाला शब्द उतरवले होते आणि खाली कंसात मूळ टिपण लिहिणाऱ्याचे नाव आणि हुद्दा दिला होता.

‘नकाशात दाखविलेल्या उताराची बाब अपंग अर्जनवीस श्री. सीताराम भिवा ओव्हाळ यांचे सोयीसाठी होती. सदर इसमांनी उद्घाटनसमयी इमारतीत प्रवेश केलेला असून त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. सबब उताराची आवश्यकता दिसून येत नाही. सदर जागा वाहनशेडसाठी उपयोगात आणण्यास हरकत नाही. मंजुरीस सादर.’

खाली गोरखचे नाव होते. तारीख उद्घाटनानंतरच्या चौथ्या दिवसाची. त्याखाली एका ओळीत जुन्या साहेबांचा शेरा : ‘मंजूर. उतार वगळावा.’ पुढच्या पानांवर अकरा स्मरणपत्रे एकामागून एक उतरवली होती. प्रत्येकावर गोरखच्या सहीने एकच शब्द होता, पुढे न पाठवता फाइलीत घालून टाकायचा. ‘दप्तरी.’

दुपारी शकुबाई न्यायला आल्या तेव्हा सीतारामभाऊ त्यांना म्हणाले, “सोपानकडनं आसल फाइल आनून बघितली. त्येनं खाली आनली, दाखवली. गोरखचंच अक्षर हाय.” नक्कल लिफाफ्यात घालताना म्हणाले, “येकबी चूक न्हाई त्यात, शकू. काना न्हाई, मात्रा न्हाई. येवढं शुद्ध त्यो कदी लिवतच नव्हता.”

तीन दिवस ते कचेरीला गेले नाहीत. शकुबाईंनी दौत, टाक आणि कागद पुढे ठेवले. नकलेला शिक्का होता. नव्या साहेबांकडे ती गेली असती तर गोरखची नोकरी राहिली नसती, निदान पद राहिले नसते.

“लिवा की,” शकुबाई म्हणाल्या. “साऱ्या मावळाचं अर्ज लिवलं. ह्यो येक लिवाया काय झालं?”

“‘अर्जदार’ म्हून माजं नाव लिवलं. फुडं ‘सामनेवाला’ म्हून गोरखचं लिवायचं.”

“मंग?”

“तितं हात थांबतोय.”

“त्यांचा न्हाई थांबला,” शकुबाई म्हणाल्या, आणि पाण्याला गेल्या.

पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो. सीतारामभाऊंचा परवाना त्या मार्चमध्ये गेला. त्यानंतर ते कान्हे स्टेशनाच्या बाहेर, वडाखाली बसत. परवाना नसल्यामुळे अर्जाखाली ‘लिहिणार’ म्हणून नाव घालता येत नसे. लोक येत राहिले, कोणी तांदूळ आणी, कोणी करवंदे. अर्ज निनावी जात, पण उजव्या कडेच्या उभ्या रेघा पाहून जाणती माणसे ओळखत. अठ्ठ्याहत्तर साली ते वारले. त्यांच्या खुर्चीत नंतर कोणी बसले नाही. शकुबाई तिच्यावर कोंबड्यांचा डालगा ठेवीत. इमारतीला उतार झालेला नाही. पत्र्याची शेड विटांची झाली आहे.

मला सांगायचे आहे ते हजेरीच्या दिवसाचे. मी तेव्हा पुण्याला नोकरीत होतो आणि वडिलांच्या एका दाखल्यासाठी त्या कचेरीत आलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. सीतारामभाऊ पायऱ्यांच्या खाली, बरोबर मधोमध खुर्ची लावून बसले होते. धुतलेला सदरा, मांडीवर एक लिफाफा. शकुबाई मागे उभ्या होत्या.

शिपायाने दारात येऊन पुकारा केला. “अर्जनवीस सीताराम भिवा ओव्हाळ!”

“हजर!” सीतारामभाऊ खालून म्हणाले.

शिपाई आत जाऊन आला. “साहेब म्हणतात, हजर म्हणजे टेबलापाशी.” दुसऱ्यांदा पुकारा झाला. दुसऱ्यांदाही त्यांनी खालून उत्तर दिले. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत गोरख लगबगीने पायऱ्या उतरून आला. त्याच्यामागे चार माणसे होती. दोन शिपाई, जीपचा ड्रायव्हर आणि चहावाला. त्याने त्यांना तिसऱ्या पायरीवर थांबवले आणि स्वतः खुर्चीपाशी येऊन वाकला. त्याला सोपानकडून कळलेले होते. चेहऱ्यावरून ते लपत नव्हते.

“वहिनी, जरा बाजूला होता का?”

“म्या बहिरी न्हाई, भावजी. बोला.”

गोरखने आवाज आणखी खाली आणला. “सीताराम, ती नक्कल चुकून गेलीय. तू उतार मागितलास, त्यानं उतारा दिला. नवा पोरगा आहे. ती परत दे.”

सीतारामभाऊंनी मांडीवरचा लिफाफा उचलून त्याच्या हातात दिला. एवढ्या सहज मिळेल असे गोरखला वाटले नसावे. त्याने आत डोकावून पाने मोजली.

“समदी हैत,” सीतारामभाऊ म्हणाले. “म्या कुटं काय दिलं न्हाई.”

गोरखने लिफाफा बगलेत धरला. “जुन्या साहेबांना शेड पाहिजे होती रे. मी टिपण दिलं नसतं तर दुसऱ्यानं दिलं असतं. मला वाटलं, तुला खाली बूक आणून देत जाईन, चालेल. तीन वर्षं चाललं की नाही?”

“आन् अकरा स्मरणपत्रं?”

वरून तिसरा पुकारा झाला. “सीताराम भिवा ओव्हाळ!”

“झालं गेलं,” गोरख घाईने म्हणाला, आणि त्याने त्या चौघांना हाताने खूण केली. “चल. ही पोरं दोन मिनिटांत वर नेतात. टेबलापाशी सही कर, परवाना पक्का. दर साली मी स्वतः उभा राहून उचलायला लावीन, माझा शब्द. उचला रे.”

“हात लावू नगा,” सीतारामभाऊ म्हणाले.

ड्रायव्हर थांबला. बाकीचेही थांबले. व्हरांड्यात तिसऱ्या खांबाजवळ माणसे गोळा झाली होती. खांब आता पिवळा रंगवलेला होता.

“अरे, हट्ट करू नकोस,” गोरख म्हणाला. “गैरहजर पडेल. मला माझ्या हातानं लिहावं लागेल ते. समोर बसलेल्या माणसाला गैरहजर कसं लिहू मी?”

सीतारामभाऊंनी दोन्ही हात चाकांवर ठेवले, खुर्ची रस्त्याकडे वळवली, आणि मान मागे करून म्हणाले,

“‘गैरहजर’ लिव्ह. ‘गै’ला दोन मात्रा. आन् फुडं उभी रेघ मार, परत मागनं काय घुसवू नगंस.”